जुन्या गाडीचे ब्रेक आणि मुदतठेव मोडण्याचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि सोबतची गाडीची बिले काळजीपूर्वक वाचली. आपली डिझेल एसयूव्ही नोव्हेंबर २०१२ मध्ये साताऱ्यात नोंदलेली आहे. महिन्याभरापासून तिचा एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागलेला आहे आणि गेल्या आठवड्यात यवतेश्वर घाट उतरताना ब्रेकचे पेडल जवळजवळ तळाला जाऊन लाल दिवाही लागला. गॅरेजने ७२,५०० रुपयांचा अंदाज दिल्यावर घरच्यांनी गाडी काढून टाकण्याचा आग्रह धरला, आणि सहा लाखांची मुदतठेव मोडून व आठ लाखांचे कर्ज काढून चौदा लाखांची नवी गाडी घ्यावी का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की ब्रेकचे काम ताबडतोब करावे, मुदतठेवीला हात लावू नये आणि नव्या गाडीचा निर्णय भीतीच्या भरात घेऊ नये. काम होईपर्यंत मात्र गाडी अजिबात चालवू नका. गॅरेजपर्यंतही ती टोइंग करूनच न्या.

अंदाजपत्रकात दोन वेगळ्या तक्रारी एकाच बेरजेत आल्या आहेत. एबीएस युनिट बदलण्याचे ५४,००० रुपये आहेत, तर मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा भाग), ब्रेक ऑइल, पॅड आणि मजुरी मिळून १८,५०० रुपये आहेत. केवळ पिवळा दिवा लागला असेल तर नेहमीचे ब्रेक सहसा चालू असतात, फक्त जोरात ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ शकतात. पेडल खाली जाणे हा हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या भागातला दोष असून जिवाला खरा धोका तिथे आहे. आपल्या पाच वर्षांच्या बिलांत इंजिन ऑइल दर वर्षी बदललेले दिसते, पण ब्रेक ऑइलची नोंद एकाही बिलात नाही. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून चाललेल्या गाडीत असे ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडलचा दाब चाकांपर्यंत पोहोचतच नाही. आपल्या गाडीत असेच घडले की मास्टर सिलिंडरचे सील गेले, हे मेकॅनिकने पाहून सांगावे. तोपर्यंत १८,५०० रुपयांच्या कामात घासाघीस करू नका.

५४,००० रुपयांना मात्र लगेच होकार देऊ नका. अंदाजपत्रकात गाडी तपासणाऱ्या स्कॅनरवरचा दोषाचा कोड कुठेही लिहिलेला नाही. तो कोड लेखी मागा आणि दुसऱ्या गॅरेजमध्ये पडताळून घ्या, कारण पुष्कळदा चाकाजवळचा सेन्सर, त्याची वायर किंवा गंजलेली रिंग एवढेच कारण निघते आणि काम काही हजारांत होते. युनिटच खराब निघाले, तर आपले गाव मेढ्याच्या बाजूला आणि तिकडचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तो खर्चही पावसाळ्यापूर्वी करावा.

आता नव्या गाडीचा हिशेब पाहू. आठ लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १३,०७५ रुपये येतो आणि एकूण व्याज तीन लाखांच्या घरात जाते. आपली नोकरी चार वर्षे उरली आहे, म्हणजे शेवटची तीन वर्षे हा हप्ता निवृत्तिवेतनातून जाईल. विम्याच्या घसाऱ्याच्या तक्त्यानुसार चार वर्षे उलटलेल्या गाडीची किंमत निम्मी धरतात. म्हणजे चौदा लाखांतले सात लाख पाचव्या वर्षीच गेलेले असतात. महिन्यातून दोनदा गावी जाण्यासाठी हा भार मला पटत नाही. शिवाय ती सहा लाखांची ठेव हीच आपली अडीअडचणीची एकमेव पुंजी आहे, आणि ती मुदतीपूर्वी मोडल्यास बँक व्याजही कापेल. दुरुस्ती बचत खात्यातील सव्वा लाखातून भागते.

विम्याच्या भरवशावर राहू नका. झीज आणि यांत्रिक बिघाड विम्यात येत नाहीत. शिवाय वाहन सुस्थितीत ठेवण्याची अट पॉलिसीतच असते, त्यामुळे ठाऊक असलेला दोष घेऊन गाडी चालवली आणि अपघात झाला तर स्वतःच्या नुकसानीच्या दाव्यावर कंपनी आक्षेप घेऊ शकते.

जुन्या गाडीला मर्यादाही हवी. नोव्हेंबर २०२७ मध्ये तिची १५ वर्षे पूर्ण होतील. तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क, पर्यावरण कर आणि तपासणी असा खर्च येईल, आणि त्या तपासणीत ब्रेक पाहिले जातातच. बाजारात तिला पावणेतीन लाख मिळतील असे आपण लिहिता. ब्रेकच्या लोखंडी नळ्या गंजलेल्या निघाल्या आणि सगळा खर्च ९०,००० रुपयांच्या पुढे जाऊ लागला, तर ती विकून, आलेल्या पैशात थोडी भर घालून लहान जुनी गाडी घ्या. विकताना ब्रेकचा दोष खरेदीदाराला लेखी कळवा, भाव थोडा कमी आला तरी चालेल, आणि मालकी बदलाचे फॉर्म २९ व ३० भरून आरटीओत नाव बदलल्याची खात्री करून घ्या. कारण नोंद आपल्या नावावर असेपर्यंत त्या गाडीच्या अपघातातील भरपाईची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते.