वाचकांचे प्रश्न : वाखाची प्रत्यंचा

प्रश्न : मी बांबूचे धनुष्य तयार केले असून त्याला नायलॉनची दोरी लावली आहे, परंतु थोडे बाण सोडले की ती सैल पडते. वाखाची प्रत्यंचा घरी वळता येईल का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : अवश्य येईल. नायलॉन ताणले जाते, त्यामुळे बाणाला मिळावयाचा जोर काही अंशी दोरी लांबवण्यातच खर्ची पडतो. वाख फारसा ताणला जात नाही. संस्कृतात प्रत्यंचेला ‘मौर्वी’ म्हणतात, ते मूर्वा या वनस्पतीच्या वाखावरूनच. आणि भिल्लांच्या धनुष्याला तर बांबूच्याच सालीची पट्टी लावण्याची रीत आहे.

अंबाडीचा लांब, गाठी नसलेला वाख घेऊन त्याचे एकसारखे बारीक धागे काढावेत. एका धाग्याला वजन टांगून तो किती भाराला तुटतो ते पाहावे. प्रत्यंचेची एकूण ताकद धनुष्याच्या ओढीच्या किमान चौपट असावी. धनुष्य ओढण्यास 15 किलो जोर लागत असेल आणि एक धागा 5 किलोला तुटत असेल, तर हिशेबाने 12 धागे पुरतात. मी मात्र 16 घेईन, कारण सर्व धाग्यांवर भार सारखा येत नाही आणि भरल्या ओढीत प्रत्यंचा तुटली तर धनुष्यही मोडू शकते.

धाग्यांना मधमाशीचे मेण चोळून त्यांचे दोन पदर करावेत. खरी मेख पिळात आहे. प्रत्येक पदराला स्वतंत्रपणे उजवीकडे पीळ द्यावा आणि मग दोन्ही पदर एकमेकांवर डावीकडे वळावेत; दोन्ही पीळ एकाच दिशेचे झाले, तर हात सोडताच दोरी उलगडते. एका टोकाला कायमचा फास वळावा, दुसरे टोक खाचेत गाठीने बांधावे, म्हणजे लांबी कमीजास्त करता येते. बाण जेथे टेकतो तो मधला भाग दोऱ्याने घट्ट गुंडाळावा.

प्रत्यंचा चढवल्यावर मुठीपासून तिचे अंतर मोजण्यास पट्टी नको: धनुष्याच्या मुठीवर आपली मूठ टेकवून अंगठा उभा केला की त्याचे टोक प्रत्यंचेला लागावे. नवी प्रत्यंचा पहिले काही दिवस थोडी सैलावेल. तेव्हा गाठ न सोडता फास खाचेतून काढून मूळच्या डाव्या दिशेने आणखी चार-सहा पीळ द्यावेत.