पाहुण्यांबरोबर त्यांचं कुत्रं येऊ दे की नको?

प्रश्न: ताई, आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. गेल्या दिवाळीपासनं दोन खोल्या होमस्टे म्हणून देतोय, एक माजघराला लागून आणि एक परड्यात. पुण्या-बेंगळुरूकडनं चोरला घाट, कणकुंबी बघायला लोक येतात आणि हल्ली जेवणाचं विचारायच्या आधी 'पेट अलाऊड आहे का' विचारालेत. नाही म्हटलं की बुकिंग जातंय. दारात एक गाय, दहा-बारा कोंबड्या आणि आमचा मोती आहे. सासूबाई म्हणतात देवघर असलेल्या घरात बाहेरचं कुत्रं नको, आणि हे म्हणतात जादा पैसे घेऊ आणि सोडू. मी काय करू?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: वैनी, परड्यातली खोली द्या, माजघराजवळची देऊ नका. सासूबाईंचं म्हणणं नुसतं सोवळ्याचं म्हणून सोडून देऊ नका, कारण घर त्यांचंपण आहे आणि पाहुणा दोन दिवसांनी जातो, तुम्हाला त्यांच्याबरोबरच राहायचंय.

मीपण बेळगावात वरचा मजला भाड्यानं देते म्हणून अनुभवाचं सांगते. एक जोडपं आलेलं, कुत्रं इतकं शहाणं की मला वाटलं काही प्रश्नच नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याला खोलीत कोंडून दोघं गोकाकचा धबधबा बघायला गेले आणि ते बिचारं दिवसभर रडत फणसाच्या लाकडाचा दरवाजा ओरबाडत बसलं. मला दरवाज्यापेक्षा त्या कुत्र्याचं वाईट वाटलं, अनोळखी जागा, मालक कुठं गेले ते कळेना, ते तरी काय करणार. तेव्हापासनं माझा एकच नियम पक्का आहे, कुत्र्याला खोलीत एकटं ठेवून बाहेर जायचं नाही. फोनवरच विचारायचं, दिवसभराचा प्लॅन काय. भीमगडच्या जंगलात जायचंय म्हणाले तर स्पष्ट सांगा की अभयारण्यात पाळीव कुत्रं नेता येत नाही. तिथं रानकुत्री आहेत आणि आपल्या कुत्र्यांचा डिस्टेंपर नावाचा साथीचा रोग त्यांना लागू शकतो.

आता ज्याच्याकडं कुणी लक्ष देत नाही ते, गोचीड. केस झाडून जातात, वास उन्हानं जातो, पण कुत्र्याची गोचीड एकदा खोलीत पडली की भिंतीच्या भेगेत, चौकटीच्या मागं जाऊन बसते, एकेक मादी हजारांवर अंडी घालते आणि मोठी गोचीड कितीतरी महिने काही न खाता जगते. मग पुढचा गेस्ट येतो आणि तुमच्या नावानं बोंब मारतो, शिवाय तुमच्या मोतीलापण ती लागणार. म्हणून बुकिंगच्या वेळी लसीच्या पुस्तकाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा आणि गोचिडीचं औषध कधी दिलंय ते विचारा. रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की देतात, मग बूस्टर, साधारण दरवर्षी, तेव्हा तारीख नीट बघा. मोतीची लस झालीय ना? नसेल तर आधी ती, मग पाहुणे.

परड्यातल्या खोलीत फरशी शहाबादी असेल तर एक ध्यानात ठेवा. मुताचा वास घालवायला लोक व्हिनेगर नाहीतर लिंबू सांगतात, पण शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, आंबट लागलं की त्याचा तुकतुकीतपणा जातो आणि परत येत नाही. अमोनियावाल्या लिक्विडनं पुसलं तर वास मुतासारखाच राहतो आणि कुत्रं परत तिथंच करतं. पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते आणा, गादीला वॉटरप्रूफ कव्हर घाला, आणि कुत्रं राहून गेलं की पुढचा एक दिवस खोली मोकळी ठेवा. पावसाळ्यात मात्र मी नाहीच म्हणेन. जून ते सप्टेंबर तुमच्याकडं चादर वाळत नाही, भिजलेलं कुत्रं आणि कापसाची गादी कशी वाळवणार?

कोंबड्यांचं काय, तर शहरातल्या कुत्र्यानं कोंबडी पळताना बघितली की ते मालकाचं ऐकत नाही, मालक कितीही 'तो काही करत नाही' म्हणू दे. अंगणात पट्टा कायम. रात्री तर अंगणात अजिबात नको, तुमच्या भागात बिबट्या कुत्र्यासाठी दारापर्यंत येतो हे तुम्हाला माहीतय, त्यांना नाही.

पैशाचं म्हणाल तर डिपॉझिट घेऊन निघताना वाद घालण्यापेक्षा सफाईचे म्हणून ठरलेले जादा पैसे आधीच सांगून घ्या. एअरबीएनबी या खोल्या बुक करायच्या साइटवर पेटची वेगळी फी लावता येते, पण अंध माणसाच्या सोबतीचं ट्रेनिंग घेतलेलं कुत्रं तिथं पेट धरत नाहीत, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. नुकसान झालंच तर लगेच फोटो काढा, तिथं भरपाई मागायला चेकआउटनंतर चौदाच दिवस असतात.

आणि एक, परड्यातल्या खोलीला बाहेरच्या बाजूनं वेगळी वाट आहे का? नसेल तर कुंपणातनं एक फाटक काढून घ्या, म्हणजे कुत्र्याला देवघरावरनं जावं लागणार नाही. फाटक कुठं काढायचं ते मात्र सासूबाईंनाच विचारा.