मुलगी मिडफिल्डला खेळते म्हणून गोल होत नाहीत, तिला स्ट्रायकर करावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारा वर्षांची आहे, फुटबॉल खेळायला सीवूड्सला टर्फवर जाते, कोच तिला मधे खेळवतात म्हणून वर्षभरात दोनच गोल झाले, आणि विचारलंय की मिडफिल्डर म्हणून मुलीचं पुढे काही होतं का. आधी उत्तर देते: करू नका स्ट्रायकर, म्हणजे पुढे राहून गोल मारणारी. आणि ते दोन गोल कुठे लिहून ठेवले असतील तर ते पान फाडून टाका.

जरा चिडून लिहितेय, कारण आमच्याकडे असं पान होतं. पान कसलं, डायऱ्या होत्या.

बाबा रबाळे एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. दिवाळीला सप्लायर डायऱ्या द्यायचे, त्यातली एक माझ्या नावाची. तारीख, मैदान, समोरची टीम आणि शेवटच्या रकान्यात गोल. गोल नसेल तर रकाना रिकामा सोडायचा नाही, स्टोअरकीपरचा हात तो, तिथे लाल पेनाने ‘निरंक’ लिहायचे. मी सहा नंबरवर खेळायचे. म्हणजे मधे, बचावाच्या पुढे. मागच्या बॅककडून बॉल घ्यायचा, वळायचं, पुढे द्यायचा. त्यामुळे २०१४ ची जवळजवळ अख्खी डायरी निरंक, निरंक, निरंक. प्रॅक्टिस नेरूळला, घर कळव्याला. परत येताना ठाण्याला दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर उतरून कळव्याची स्लो पकडायला पूल चढायला लागलो की बाबा विचारायचे, “मग आज काय केलंस?” मला सांगता यायचं नाही. बॉल गेला नाही, हे काय सांगणार? वीस वेळा माझ्याकडे आला आणि अठरा वेळा आपल्याच माणसाकडे गेला, हे ऐकायला कोण बसलंय?

२०१५ ला ट्रायल होती, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींची. मार्करने नंबर लिहिलेली नारंगी बिब, मला सतरा. ती आदल्या बॅचच्या कोणाच्या तरी घामाने ओली होती, ते अजून आठवतं. वीस मिनिटांचा खेळ, दोन सिलेक्टर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आणि जाळीबाहेर बाबा, फर्स्ट शिफ्ट करून थेट आलेले, खिशात डायरी. मी चांगली खेळत होते. हे आज सव्वीस वर्षांची बाई म्हणून सांगतेय, तेव्हाच्या पोरीचा फुगा म्हणून नाही. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत मधे बॉल मिळाला. घेण्याआधी खांद्यावरून बघितलेलं होतं, उजवीकडची आमची विंगर एकटी होती, तिच्यासमोर निम्मं मैदान रिकामं. ती माझ्या नावाने ओरडलीसुद्धा. आणि मी जाळीकडे बघितलं. बाबांनी डायरी बाहेर काढली होती.

मी मारला. पंचवीस-तीस पावलांवरून. बरा बसला होता, पण सरळ गोलकीपरच्या पोटात. तिने तो भाजीची पिशवी घ्यावी तसा घेतला. एका सिलेक्टरने काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं.

ट्रेनमध्ये ती विंगर तुर्भ्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही. यादी आली, त्यात ती होती, मी नव्हते. बाबांचं म्हणणं आजही तेच: “अजून दोन मारायला हवे होतेस, एक तरी गेला असता.” आणि माझं म्हणणं आजही तेच की तो एक मारला म्हणूनच मी यादीतून गेले. दहा वर्षं झाली, गणपतीत दरवर्षी हा विषय निघतो, मोदक गार होतात.

पुढच्या सीझनला मी त्यांना म्हटलं, गोल मोजू नका, बॉल येण्याआधी मी मागे वळून किती वेळा बघते ते मोजा. मिडफिल्डरची निम्मी अक्कल त्या मानेत असते. पाय सगळ्यांनाच असतात. त्यांनी एक हाफ मोजलं आणि म्हणाले, “तुझी मान किती वेळा फिरली ते घेऊन काय करू, बँकेत भरू?”

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलींचा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप आपल्याकडे झाला. भारताच्या मॅचेस भुवनेश्वरला होत्या. पहिल्याच मॅचला अमेरिकेकडून ०-८, मग मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. बाबा टीव्हीसमोर गोलकीपरला बोलत होते. मी म्हटलं, तिला काय बोलता, बॉल मधे थांबतोय कुठे? क्लिअर केला की पाच सेकंदांत परत येतोय. मधे दोघी बॉल धरून ठेवणाऱ्या असत्या तर आठचे तीन झाले असते. हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

३० ऑक्टोबरची फायनल मात्र डी. वाय. पाटील स्टेडियमला, तुमच्या घरापासून दोन स्टेशनांच्या आत. स्पेन-कोलंबिया. मी बाबांना घेऊन गेले. शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत शून्य-शून्य, मग एकदाचा गेला. बाबांनी सवयीने विचारलं, “कोणी मारला?” कोणीच नाही. कोलंबियाच्याच पोरीकडून आत गेला होता, ओन गोल. स्पेन वर्ल्ड कप जिंकला आणि गोलच्या रकान्यात स्पेनच्या अकराजणी निरंक! स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू कोण, तर विकी लोपेझ, वय सोळा, खेळते मधे. पंधराव्या वर्षी माद्रिद सीएफएफ या क्लबकडून स्पेनच्या पहिल्या लीगमध्ये उतरली होती, २०२२ लाच बार्सिलोनाने नेली, २०२४ ला स्पेनच्या सिनियर टीममध्ये. मी बाबांकडे बघितलं. ते मोबाइलवर तिचे आधीच्या मॅचेसमधले गोल शोधत होते. सापडलेही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर एक डाव त्यांनीही जिंकलाय. ५ जुलै २०२५ ला आपल्या बायकांनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून आशिया कप गाठला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि ती मिडफिल्डर. रात्री बाबांचा मेसेज आला, फक्त “२” असा. मी उत्तर दिलं नाही.

आता करिअरचं. पैसा कमी आहे, घरी आधीच सांगून ठेवा. इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ ला सुरू झाली आणि होम-अवे पद्धतीने, म्हणजे एक मॅच आपल्या मैदानावर आणि एक त्यांच्या, व्हायला २०२३-२४ उजाडलं. फक्त त्यावर घर चालवणाऱ्या मुली मोजक्याच. बहुतेकींचा खरा आधार नोकरी. संगीतासुद्धा सशस्त्र सीमा बलात आहे. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण ते जिल्ह्याच्या सर्टिफिकेटवर मिळत नाही. म्हणून शालेय स्पर्धा सोडू नका, मनपा, विभाग, राज्य असं वर जाता येतं. शाळेची टीम धड असेल तर शाळांचा सुब्रतो कप, आणि मोठेपणी राज्याकडून राजमाता जिजाबाई करंडक, म्हणजे महिलांची राष्ट्रीय स्पर्धा. दहावीला खेळ बंद करणाऱ्या आईबापांवर मी वेगळं लिहीन, आज नको.

टर्फचं एक. पाच-पाचच्या खेळात पाय छान होतात, पण मधली जागाच नसते, सगळ्याच मधे असतात. आता तिला आठवड्यातून दोनदा तरी मोठ्या मैदानावर न्या.

आणि हो, मी स्वतः कुठे पोहोचले नाही, हे आधी सांगायला हवं होतं. कॉलेज, मुंबईच्या एका क्लबकडून दोन सीझन, मग गुडघा. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला लिगामेंट फाटला. हे मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त होतं, म्हणून कोच फिफा ११+ हा दुखापत टाळायचा वॉर्मअप करून घेतात का विचारा. वीस मिनिटांचं काम आहे. नसतील घेत तर कोच बदला, मग तो कितीही गोड बोलो. आता मी ऐरोलीला अकाउंट्समध्ये आहे आणि रविवारी घणसोलीत लहान मुलींना शिकवते, तेवढ्यावरून हे सगळं ज्ञान.

खरं म्हणाल तर बाराव्या वर्षी सगळ्याच जागा खेळून बघाव्यात, आणि तिला स्वतःलाच पुढे खेळायचं असेल तर वरचं सगळं विसरा. पण तिला विचारा. जाळीबाहेर उभं राहून ठरवू नका.

शेवटचं, फार महत्त्वाचं. फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएसवर, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन यादीत, नोंदणी करताना जन्मदाखला लागतो. त्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का ते आजच बघा. माझ्या वेळी कपाटातून दाखला काढला, तर त्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी. आयुष्यात एकही रकाना रिकामा न सोडणाऱ्या माणसाने तो तेवढा भरायचा ठेवला होता.