खाऱ्या वाऱ्यात एसी बसवायचा खर्च: यादीत काय असावं, काय नसावं

तुमचा प्रश्न असा: घर समुद्रापासून जेमतेम पाचशे मीटरवर, बारा बाय चौदा फुटांची झोपायची खोली, दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी जवळपास ठरलेला. दुकानदार म्हणतो फिटिंग फुकट, आणि फिटिंगवाल्याने हातात लांबलचक यादी ठेवली. मग एकूण किती धरायचे?

रक्कम मी सांगणार नाही, ती गावागणिक आणि हंगामागणिक बदलते. यादीतलं काय रास्त, काय फुगवलेलं आणि काय यादीत नसूनही असायला हवं, ते सांगतो. एक एसी खाऱ्या वाऱ्याच्या घशात घालून हे शिकलोय.

तो पहिला एसी मी 'फुकट फिटिंग'मध्येच बसवून घेतला होता. आउटडोअर युनिट बाल्कनीत, तोंड थेट समुद्राकडे, कारण तिथे पाइप सर्वांत कमी लागत होता. तिसऱ्या वर्षी खोली गार व्हायला उशीर लागू लागला, बिल चढलं. गॅस भरून घेतला, तो तीन महिन्यांत गेला. पुन्हा भरला. चौथ्या वर्षी कुणीतरी मागची जाळी काढून दाखवली, तर कंडेन्सरचे (खोलीतली उष्णता बाहेर सोडणाऱ्या भागाचे) फिन्स, म्हणजे पातळ पट्ट्या, बोट लावताच पांढरी भुकटी होऊन गळत होते. तांब्याची नळी, तिला चिकटून अ‍ॅल्युमिनियमचे फिन्स आणि मधे खारट ओल, म्हणजे बॅटरीच झाली की ती. त्यात अ‍ॅल्युमिनियम आधी झिजतं. फिन्स गेले की उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर जास्त वेळ जोर लावतो, म्हणजे एसी बंद पडायच्या कितीतरी आधीपासून तुम्ही विजेच्या बिलातून गंजाचे पैसे भरत असता. गॅरंटी कार्ड काढलं, तर बारीक अक्षरात खाऱ्या हवेचा गंज वगळलेला. तुमचं कार्ड पैसे द्यायच्या आधी वाचा.

तेव्हापासून मी एकूण खर्चाला तो एसी किती वर्षं चालेल त्याने भागतो. सव्वापट पैसे घालून एसी दुप्पट वर्षं टिकला, तर वर्षाकाठी पडणारा खर्च ३७-३८ टक्क्यांनी उतरतो. या हिशेबात पहिला मान जागेचा. आउटडोअर युनिट घराच्या समुद्राकडच्या भिंतीवर नको, आडोशाच्या बाजूला हवं. त्यासाठी पाइप चार-पाच मीटर वाढला तरी वाढू द्या. आणि वर पत्रा टाकायचा मोह आवरा. मीही टाकला होता, युनिट भिजू नये म्हणून! उलट पावसाने अंगावरचं मीठ धुऊन जातं, पत्र्याखाली ते साठत राहतं.

आता पाइप. बऱ्याच मशीनच्या खोक्यात तीनेक मीटर पाइप येतो, त्यापुढचा मीटरवर लावतात. त्या एका मीटरमध्ये दोन तांब्याच्या नळ्या, त्यांचं इन्शुलेशन, वायर आणि ड्रेन पाइप हे सगळं धरलंय का, की प्रत्येकाचं वेगळं बिल येणार, हे आधी विचारा. फुगवटा बहुतेक इथेच असतो. बहुतेक घरगुती स्प्लिटमध्ये जाड आणि बारीक दोन्ही नळ्या गार पडतात, म्हणून दोन्हींना वेगवेगळं इन्शुलेशन लागतं. एकाच वेटोळ्यात दोन्ही गुंडाळल्या, तर दमट हवेत त्यांच्यावर पाणी धरतं आणि भिंतीवर ओघळ येतात. उन्हातल्या भागावर वरून टेप किंवा पीव्हीसीचं आवरण हवंच, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत इन्शुलेशनचा भुगा होतो.

नव्या एसीला 'गॅस टॉपअप' लावला असेल तर ती ओळ सरळ खोडायला सांगा. आउटडोअर युनिटमध्ये ठरावीक लांबीच्या पाइपला पुरेल एवढा गॅस भरूनच येतो. ती लांबी आणि त्यापुढे मीटरला किती ग्रॅम लागतो, हे मशीनच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत असतं. पाइप खरंच लांब असेल तर गॅस वजनकाट्यावर तोलून भरायचा, अंदाजाने नाही.

ज्या कामाचे पैसे मागितले तर खुशीने द्यावेत, असं काम म्हणजे व्हॅक्यूम, म्हणजे पाइपातली हवा आणि ओल पंपाने ओढून काढणं. घाईतला कारागीर मशीनमधलाच थोडा गॅस सोडून पाइपातली हवा ढकलून देतो. पाच मिनिटांत काम होतं आणि तुम्हाला कळतही नाही. पण आत राहिलेली ओल वाईट. आर-३२ किंवा आर-४१०ए या गॅसवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचं तेल ओल शोषून घेतं, त्यातून आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसर आतून खराब होतो. किनाऱ्यावर हवेतच पाणी जास्त, म्हणून हे काम इथे जास्त महत्त्वाचं. आधी नायट्रोजन भरून गळती तपासायची, मग पंप लावून आतला दाब ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचं माप) खाली आणायचा आणि पंप बंद करून काटा वर सरकत नाही ना ते पाहायचं. आर-३२ थोडासा ज्वलनशीलही आहे, त्यामुळे त्याची हवेत उधळण तशीही नको. पंप आणणार का, एवढं फोनवरच विचारा. उत्तर देताना माणूस अडखळला, तर दुसरा शोधा.

स्टँडवर कंजूषी करू नका. रंग दिलेला लोखंडी स्टँड भोक पाडताना जिथे खरवडतो तिथूनच गंजायला लागतो. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेला) चालतो; स्टेनलेस घेणार असाल तर ३०४ ग्रेडपेक्षा ३१६ चांगलं, त्यात मॉलिब्डेनम असल्याने मिठाला ते जास्त दाद देत नाही. बोल्टही त्याच स्टेनलेसचे घ्या. स्टेनलेस स्टँडला साधे लोखंडी बोल्ट लावले तर ते एरवीपेक्षाही लवकर जातात, आणि ते गेले की अख्खं युनिट खाली कुणाच्या तरी डोक्यावर. मशीन घेताना कंडेन्सरवर गंजरोधक लेप आहे का ते बघा. फिन्सचा निळा रंग म्हणजे तो लेप असेलच असं नाही.

विजेचं काम यादीत नसलं तरी धराच: स्वतंत्र लाइन, पुरेशा जाडीची वायर, स्वतःचा एमसीबी (जादा वीज ओढली गेली की आपोआप पडणारा स्विच) आणि खरोखर चालणारं अर्थिंग. घर जुनं असेल तर ही रक्कम फिटिंगपेक्षा मोठी निघू शकते. स्टॅबिलायझर व्होल्टेज मोजल्याशिवाय घेऊ नका, कारण बऱ्याच इन्व्हर्टर मशीन मोठा चढउतार सोसतात.

दीड टनाऐवजी दोन टन, असा सल्ला कुणीतरी देणारच. ऐकू नका. दमट हवेत एसीचं बरंच काम पाणी काढणं हे असतं. तासाला दोन लिटर पाणी काढायचं तर त्यालाच १.४ किलोवॅटच्या आसपास क्षमता लागते, म्हणजे दीड टनाच्या (५.२ किलोवॅट) पाव भाग. गरजेपेक्षा मोठं मशीन खोली झटकन गार करून थांबतं, पाणी मात्र हवेतच राहतं, आणि तुम्ही गार पण चिकट खोलीत पडून राहता. हे दोन लिटर बाहेर जायला ड्रेन पाइपला सलग उतार हवा. भिंतीतलं भोकही बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडायला सांगा.

चालवायचा खर्च तुमच्या दराने तुम्हीच काढा. रात्री आठ तास, सरासरी ०.८ किलोवॅट धरले तर ६.४ युनिट, वर्षातल्या दोनशे रात्री म्हणजे १,२८० युनिट. दहा वर्षांचं गणित मांडलंत, तर मशीनच्या किमतीवरची घासाघीस किरकोळ वाटेल.

आणि एक, कुणाच्याच यादीत नसलेलं: आउटडोअर युनिटपर्यंत साध्या पाण्याचा पाइप पोहोचेल असा नळ, आणि तिथे उभं राहायला जागा. महिन्यातून एकदा वीज बंद करून फिन्सवरून साधं गोडं पाणी हलक्या धारेने सोडायचं. जोराच्या फवाऱ्याने ते वाकतात. माझा दुसरा एसी नववं वर्ष काढतोय. त्याच्यासाठी नळ बसवायला प्लंबरने अर्धा तास घेतला होता.