पालवी कोणाला फुटते?

चोपड्याच्या एका शिक्षकांनी विचारले आहे : ‘आशेला अंकुर फुटला’ आणि ‘आशा पल्लवित झाल्या’ यांत काही फरक आहे का? मुलांना कोणते शिकवावे?

फरक आहे, आणि बातम्यांनी तो पार पुसून टाकला आहे. कपाशीचा भाव थोडा चढला की आशा पल्लवित. नव्या उमेदवाराचे नाव चर्चेत आले की आशा पल्लवित. एकदा तर ‘पेरलेल्या कपाशीला पालवी फुटली’ असेही वाचले. अहो, बियाण्याला कोंब येतो! आपला शेतकरी हा घोळ कधी करत नाही. केळीला पील येते, उसाला फुटवे येतात, तोडलेल्या खोडाला धुमारा येतो आणि पालवी फुटते ती उभ्या झाडाला.

पालवी म्हणजे कोवळी पाने, हे सांगत बसत नाही. ती केव्हा फुटते ते बघा. फाल्गुनात निंबाची पाने पिवळी पडून गळतात. चैत्रात त्याच काड्यांच्या टोकांना तांबूस, चकचकीत पाने येतात, इतकी मऊ की चिमटीत धरली तर चुरगळतात. सातपुड्याच्या पायथ्याचा अंजनही उन्हाळ्यातच पालवतो. पावसाला अजून अवकाश असतो, जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीकडे निघालेला असतो, विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि झाड हिरवे होते! जुनी पाने गळाली की पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचते, खोडात साठते, खोल गेलेली मुळे त्यात भर घालतात. त्या शिलकीवर झाड पुन्हा उभे राहते. दुष्काळी सालातही हे चुकत नाही, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरहून आलेल्या लेकी त्याच निंबाला झोका बांधतात. म्हणून पालवीतली आशा मला फार मोठी वाटते. पल्लवित व्हायला ती आधी एकदा झडलेली असावी लागते. पहिल्यांदाच तिकिटाची स्वप्ने पडू लागलेल्या माणसाने अंकुरावर समाधान मानावे.

आता खरी मौज. पल्लव या संस्कृत शब्दातला ‘ल्ल’ मराठीत सुटा झाला आणि आधीचा स्वर लांबला : गल्लचा गाल, भल्लचा भाला, तसा पल्लवचा पालव. या पालवाचा जुन्या मराठीत दुसरा अर्थ पदर. हिंदीतला पल्लू तोच. गुजरातीत तर साडीच्या पदराला आजही पालवच म्हणतात. ‘पालवणे’ या क्रियापदालाही दोन अर्थ आहेत : पाने फुटणे, आणि हात किंवा पदर हलवून बोलावणे. माझे ठाम मत असे की हे सगळे एकच घर आहे. फांदीचे हलणारे टोक तो पल्लव, लुगड्याचे हलणारे टोकही पल्लव, आणि ते टोक हलवून दुसऱ्याला बोलावणे म्हणजे पालवणे. पालवलेले झाड माणसाला बोलावते, हे भाषेने आपल्याआधी पाहून ठेवले.

पानाचा पल्लव निराळा आणि कापडाचा निराळा, असे मानणारे अभ्यासक आहेत. केवळ ध्वनी जुळला म्हणून दोन शब्द एकत्र आले, हे त्यांचे म्हणणे. मला ते मुळीच पटत नाही. एकाच शब्दाला संस्कृतात, मराठीत दोन्ही अर्थ चिकटतात, आणि तो योगायोग? अर्थ कसा सरकला हे डोळ्यांना दिसत असताना दोन मुळे शोधायची गरजच काय? गाण्याचे पालुपदही याच कुळातले असावे असा माझा कयास आहे, कारण प्रत्येक कडव्यानंतर ते नव्याने फुटते.

शंका असेल त्याने नवापूरला जावे. तिथले रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. फलाटावरच्या गुजराती बाईला पालव म्हणजे काय ते विचारावे, आणि मग स्थानकाबाहेर पडून शेतकऱ्याला निंब कधी पालवतो ते विचारावे.