गाडी आणि आवाज: दारातल्या स्पीकरचा बेस

प्रश्न (निपाणी): माझी 2009 ची स्विफ्ट आहे. पुढच्या दारांत साडेसहा इंची नवे स्पीकर बसवले. दुकानातल्या फळीवर बेस चांगला येत होता. गाडीत मात्र ढोल लागला की पत्राच वाजतोय असं वाटतं. आणखी महागाचे घेऊ का?

उत्तर: एवढ्यात नको. स्पीकरचा कोन, म्हणजे त्याचा हलणारा पडदा, पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या पुढच्या-मागच्या लहरी एकमेकींत मिसळल्या की खालचे सूर तिथेच कापले जातात. 80 हर्ट्झच्या लहरीची लांबी चार मीटरच्या वर असते, त्यामुळे भोकातून दोन वीत वळसा घालून येणं तिला काहीच नाही. दुकानातल्या फळीने मागचा आवाज अडवला होता. तुमच्या दाराच्या आतल्या पत्र्याला काच-यंत्रासाठी मोठी भोकं आहेत आणि त्यांवर कंपनीने फक्त प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. एवढ्या जुन्या गाडीत तोही बहुधा फाटलेला असतो.

खर्च करण्याआधी खात्री करून घ्या. ट्रिम, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढा, भोकांवर जाड पुठ्ठा ठेवून रुंद चिकटपट्टीने सगळीकडून बंद करा आणि ओळखीचं गाणं लावा. फरक कानाला लगेच कळतो. ट्रिम काढताना आधी आतल्या हँडलमागचे आणि हातटेकणीतले स्क्रू सोडवा, मग खालच्या कोपऱ्यापासून क्लिपा उचका. जुन्या क्लिपा तुटतातच, दहा-बारा जादा आणून ठेवा. काच हाताने फिरवायची असेल तर हँडलमागची तारेची क्लिप फडक्याची कड आत सरकवून ओढली की निघते.

फरक पटला की पक्कं काम करा. सुरुवात बाहेरच्या पत्र्यापासून. धूळ आणि ग्रीस आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. मग स्पीकरच्या बरोबर मागे आणि पत्र्याच्या मधल्या सपाट भागावर 2 मिलिमीटरची, वर अॅल्युमिनियम असलेली ब्युटाइल शीट (चिकट रबराची) लावून रोलरने दाबा, फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत. पत्र्याचा तिसरा हिस्सा झाकला तरी त्याची थरथर बरीच थांबते. पूर्ण मढवलात तर वजन वाढतं आणि बिजागऱ्यांवर भार येतो, कारण ही शीट चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास भरते. छप्पर गळू नये म्हणून लावतात ती डांबरी पट्टी स्वस्त पडते, पण एप्रिल-मेच्या उन्हात ती वास मारते आणि घसरून खाली साचते. ती वापरू नका.

खरी कमाई आतल्या पत्र्यावर आहे. मोठ्या भोकावर नुसती ब्युटाइल ताणली तर तीच पडद्यासारखी आतबाहेर होते. दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्यांकडे 3 मिलिमीटरच्या एसीपी शीटचे (दोन अॅल्युमिनियम पत्र्यांत प्लॅस्टिक असलेल्या) तुकडे मिळतात. भोकापेक्षा चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर मोठा तुकडा कापा, कडेला फोमपट्टी लावा आणि स्क्रूने बसवा. रिव्हेट नको, उद्या काचेचं यंत्र बिघडलं तर उघडावं लागेल. बारीक भोकं ब्युटाइलनेच बुजवा. लॉकच्या कांड्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत. ट्रिम लावण्याआधी काच पूर्ण वरखाली करा आणि लॉक चार वेळा चालवून बघा.

आता स्पीकर ज्यावर बसतो ती रिंग. स्पीकर प्लॅस्टिकच्या पातळ अडॅप्टरवर असेल तर कोनाऐवजी तोच हलतो. 12 ते 18 मिलिमीटर जाडीची एचडीपीईची (टणक प्लॅस्टिकची) रिंग करून घ्या. बेळगावच्या उद्यमबागेत मशिनवर कापून देणारे आहेत. एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड, एका पावसाळ्यात फुगतं. प्लायवुडच हाताशी असेल तर भोकांच्या आतल्या कडांसह पीयू पॉलिशचे दोन हात द्या. रिंगची जाडी ठरवताना काच पूर्ण खाली घ्या, मॅग्नेट आणि काचेत निदान 6 मिलिमीटर अंतर हवं. शेवटी स्पीकरच्या कडेपासून ट्रिमच्या जाळीपर्यंत भरेल अशी फोमची गोल पट्टी चिकटवा. ही अनेक जण विसरतात. मग पुढचा आवाज ट्रिमच्या मागच्या पोकळीत शिरतो आणि दार किरकिरतं.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): बॅलन्स पूर्ण डावीकडे किंवा उजवीकडे फिरवला की बेस येतो. मध्यावर ठेवला की गायब. स्टीरिओ बिघडला का?

उत्तर: स्टीरिओ ठीक असावा. एका दारातल्या तारा उलट्या लागल्यात, त्यामुळे एक कोन पुढे जातो तेव्हा दुसरा मागे येतो. स्टीरिओकडून तारा सोडवा आणि दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावा. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिक तारेला लावलं की कोन बाहेर यायला हवा. ज्या दारात तो आत जातो तिथल्या तारा अदलाबदल करा. जुन्या गाडीत तारांच्या रंगावर विसंबू नका, मधे कुणीतरी जोड मारलेला असतो.

प्रश्न (जांबोटी): दारांची आतली भोकं ब्युटाइलने बंद करून घेतली. पावसात दार उघडलं की आत पाणी डचमळतं. शीट काढून टाकू?

उत्तर: शीट राहू द्या. काचेच्या रबरातून पाणी दारात उतरणारच, दार बनवतानाच ते धरलेलं असतं. खालच्या कडेला दोन-तीन निचऱ्याची भोकं असतात. तुमची शीटच्या तुकड्याने किंवा चिखलाने बुजलीत. खालून प्लॅस्टिकच्या पट्टीने मोकळी करा. लोखंडी तार घातली तर रंग खरवडतो आणि तिथून गंज धरतो. कणकुंबीकडच्या पावसात हे दर जूनमध्ये करावंच लागेल. पाणी पायाशी येत असेल तर आतल्या शीटची खालची कड सुटली आहे, ती सुकवून पुन्हा चिकटवा.

स्पीकरमागे फोमची पूर्ण वाटी लावली असेल तर तीही तपासा. पावसापासून ती वाचवते, पण एवढ्याशा बंद जागेत कोन अडखळतो आणि बेस जातो. खालचा अर्धा भाग कापून वरची फक्त वळचण ठेवा.

प्रश्न (चिकोडी): बेस बूस्ट पूर्ण लावला की स्पीकर फाटल्यासारखा होतो. अॅम्प्लिफायर लावला तर थांबेल?

उत्तर: आधी बूस्ट शून्यावर आणा. स्टीरिओवर 4×50 वॅट छापलेलं असलं तरी सलग ताकद चॅनेलला, म्हणजे एका स्पीकरला, 15 ते 20 वॅटच असते. बूस्टने ती संपते, लहरीचं टोक कापलं जातं आणि तेच तुम्हाला फाटणं वाटतं. स्टीरिओतला हाय-पास फिल्टर, म्हणजे खालचे सूर अडवणारी सोय, 60 किंवा 80 हर्ट्झवर लावा. त्याखालचे सूर दारातला स्पीकर धड वाजवत नाही, नुसता कोन हलत राहतो. फिल्टर लावल्यावर उरलेला बेस घट्ट येतो.

दाराची भोकं बुजवूनही आवाज कमी वाटला तर चॅनेलला 50-60 वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग ताकदीचा) अॅम्प लावा. तार 8 गेजची, तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार गेज तेवढीच सांगते आणि गरम होते. बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत 30 अँपिअरचा फ्यूज हवाच. अर्थ देताना पत्र्याचा रंग खरवडा. अॅम्पवरचा गेन, म्हणजे आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं बटण, शून्यापासून वाढवा, स्टीरिओ पाऊण आवाजावर ठेवून. आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या.