दहा वर्षे कपाटात असलेले .32 रिव्हॉल्व्हर गरजेच्या वेळी चालेल का?

आपण विचारले आहे की, वडिलांच्या पश्चात .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर रीतसर परवान्यासह आपल्या नावावर झाले, ते दहा वर्षे चामड्याच्या कव्हरात कपाटात पडून आहे आणि रिव्हॉल्व्हर पिस्तुलासारखे अडकत नाही असे आपण ऐकले आहे. तर शेतवस्तीवर प्रसंग आलाच तर त्यावर भरवसा ठेवावा का? मी नांदेडला एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे 22 वर्षे दुरुस्तीचे काम केले. माझे स्पष्ट मत असे की, आज आहे त्या स्थितीत ठेवू नये. आपले शस्त्र वाईट आहे असे मी म्हणत नाही. दहा वर्षांत ते कोणी उघडून पाहिलेले नाही, एवढेच कारण मला पुरेसे वाटते.

रिव्हॉल्व्हर अडकत नाही, ही समजूत अर्धी खरी आहे. पिस्तुलात रिकामे काडतूस बाहेर फेकणे आणि मॅगझिनमधले, म्हणजे काडतुसे भरलेल्या पेटीतले, पुढचे वर चढवणे हे सुटलेल्या गोळीच्या धक्क्यावर चालते, त्यामुळे मॅगझिनची कड थोडी वाकली किंवा स्प्रिंग मंदावली तरी काम थांबते. रिव्हॉल्व्हरचे काडतुसे बसवलेले चक्र आपल्या बोटाच्या जोरावर फिरते. एखादे काडतूस वाजले नाही, तर पुन्हा चाप ओढला की पुढचे काडतूस समोर येते. हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु पिस्तुलाचा अडथळा सराव असलेला माणूस पुष्कळदा काही क्षणांत दूर करतो, आणि रिव्हॉल्व्हरचे चक्र एकदा आवळले की ते दुरुस्तीची अवजारे घेऊन बसल्याशिवाय सुटत नाही.

मानवतच्या एका कापूस व्यापाऱ्यांचे रिव्हॉल्व्हर आमच्याकडे आले तेव्हा त्याचे चक्र नीट बंदच होत नव्हते. रिकामी काडतुसे मागे ढकलणारी जी चांदणीच्या आकाराची चकती असते, तिच्याखाली कुंकवाचा घट्ट थर बसला होता. त्यांच्या घरी दर खंडेनवमीला शस्त्राची पूजा होई, ओले हळदकुंकू वाहिले जाई आणि दुसऱ्या दिवशी ते वरवर पुसून कपाटात जाई. पूजा अवश्य करावी, मीही माझ्या अवजारांची करतो. मात्र हळदकुंकू शस्त्राशेजारच्या पाटावर वाहावे, किंवा पूजा झाल्यावर त्याच दिवशी शस्त्र पूर्ण स्वच्छ करावे. त्या चकतीखाली न जळलेल्या दारूचा एक कणही चक्र जड करायला पुरतो, मग ओलसर कुंकवाचे काय सांगावे.

आपल्या बाबतीत मला अधिक काळजी चामड्याच्या कव्हराची वाटते. चामडे कमावताना वापरलेले क्षार त्यात राहतात, ते पावसाळ्यात हवेतील ओल धरून ठेवते, आणि त्यामुळे पोलादाला गंज व काडतुसांच्या पितळेला हिरवा कळंक चढतो. कव्हर बाळगण्यापुरते असावे. घरात शस्त्र कोरड्या सुती कापडात, कुलपाखाली आणि काडतुसांपासून वेगळे ठेवावे.

तेलाच्या बाबतीत तर मराठवाड्यात मी फार चुका पाहिल्या. अनेक जण खोबरेल लावतात. ते साधारण 24 अंशांखाली थिजते, आणि परभणीकडे हिवाळ्यात पारा दहाच्याही खाली जातो. घोड्याच्या, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या भागाच्या, स्प्रिंगभोवती थिजलेले आणि जुने होऊन चिकटलेले तेल घोड्याचा मार मंदावते, तो काडतुसाच्या बुडाला असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर हलका बसतो आणि काडतूस वाजत नाही. मालकाला वाटते काडतूस खराब होते. उलट उन्हाळ्यात जास्त लावलेल्या तेलावर काळ्या मातीची बारीक धूळ आणि कापसाचा तंतू बसून खळ तयार होते. म्हणून शस्त्रांसाठीचे पातळ तेल, तेही एकेक थेंब लावून पुसून घेतलेले, एवढेच पुरते. चक्राच्या घरांत, म्हणजे काडतुसे बसतात त्या भोकांत, तेल राहू देऊ नये, कारण ते काडतुसाच्या टोपीत शिरले तर काडतूस निकामी होऊ शकते.

आता प्रत्यक्ष करायचे ते. काडतुसे काढून दुसऱ्या खोलीत ठेवावीत, सहाही घरे डोळ्यांनी पाहून बोटाने चाचपावीत, आणि त्यानंतरही नळीचे तोंड कोणाकडे वळवू नये. नळीतून आणि प्रत्येक घरातून ब्रश फिरवून मग कोरडी, पांढरी चिंधी ओढावी; ती स्वच्छ निघेपर्यंत थांबू नये. चकतीखालचा भाग जुन्या दात घासण्याच्या ब्रशने साफ करावा. बाजूची पट्टी उघडून आतील यंत्रणा सोडवण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. दहा वर्षांनंतर ते काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे. बिनपरवाना मिस्त्रीच्या हाती शस्त्र देणे कायद्याने गुन्हा आहे. घोडा मागे ओढताना चक्र नेमक्या जागी येऊन पक्के बसते की नाही, हे त्याच्याकडून मुद्दाम तपासून घ्यावे. बसत नसेल तर गोळी नळीच्या कडेला घासते आणि शिशाचे तुकडे बाजूला उडतात.

वडिलांच्या वेळची काडतुसे संरक्षणासाठी ठेवू नयेत. कळंक चढलेली घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा, ती विक्रेत्याच्या किंवा पोलीस ठाण्याच्या सल्ल्याने जमा करावीत. नवी घेऊन अधिकृत रेंजवर सराव करावा. माझ्या मते, तिथे सहाही घरांतून काही फेऱ्या निर्वेध झाल्याशिवाय त्या शस्त्राला चालते म्हणता येत नाही. एखादा बार फुसका, नेहमीपेक्षा दबका वाजला, तर दुसरा चाप ओढू नये. पहिली गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि मागून दुसरी आली तर नळी फुटते.

यापुढे वापर नसला तरी महिन्यातून एकदा पुसणे, मृग लागण्याआधी आणि दसऱ्यानंतर नीट साफ करणे, आणि गोळी झाडली तर त्याच दिवशी, असा नेम ठेवावा. निवडणुकीच्या काळात शस्त्र ठाण्यात जमा करावे लागले तर तेल लावून द्यावे, पावतीवर त्याची स्थिती लिहून घ्यावी आणि परत मिळाल्यावर कपाटात ठेवण्याआधी नळीतून एकदा चिंधी ओढून पाहावी. दोन-अडीच महिने इतर शस्त्रांच्या ढिगात राहून आलेल्या नळ्यांमध्ये मला कोळ्याची जाळीही सापडली आहेत.